विधी अभ्यास मंडळांना खुले पत्र: कन्व्हेयन्सिंगची पंधरा प्रात्यक्षिके एकाच फाईलवर घ्या

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांची विधी अभ्यास मंडळे,
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,
आणि ज्युनिअर व आर्टिकल्ड क्लार्क (सॉलिसिटरच्या हाताखालचे उमेदवार) घडवणारे ज्येष्ठ वकील व सॉलिसिटर यांस,

स.न.वि.वि.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ‘ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग’ हा प्रात्यक्षिक विषय सक्तीचा आहे. त्यात कन्व्हेयन्सिंगची, म्हणजे मिळकतीच्या दस्तलेखनाची, किमान १५ प्रात्यक्षिके, प्रत्येकी ३ गुण, एकूण ४५. तेवढीच प्रात्यक्षिके वाद-प्रतिवादाच्या मसुद्यांची आणि १० गुण तोंडी परीक्षेला. कागदावर ही योजना उत्तम आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी एक जर्नल आणतो, त्यात खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र असे १५ नमुने एकापाठोपाठ उतरवलेले असतात. सर्वे नंबरच्या जागी टिंबे, चतुःसीमेच्या जागी टिंबे, मोबदल्याच्या जागी टिंबे. वकिलाचे सगळे काम त्या टिंबांच्या जागी असते, आणि तेवढेच शिकवायचे राहून जाते.

आमची मागणी एकच आहे. ही १५ प्रात्यक्षिके पंधरा सुट्या दस्तांची न घेता एकाच मिळकतीच्या फाईलवर घ्यावीत: मालकीचा शोध, शोध अहवाल, मुद्रांकाचा हिशोब, मसुदा, नोंदणी, फेरफार. नियम बदलावा लागत नाही. प्रात्यक्षिकांची संख्या नियमाने ठरवली आहे, ती सुटी असावीत असे कुठेही म्हटलेले नाही.

सुरुवात सातबारापासून करावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्याहून जास्त नाही. सातबाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तरीही शोधाचा पहिला धागा तोच, कारण त्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक मागच्या एका घटनेकडे नेतो. विद्यार्थ्याने आजच्या उताऱ्यावरून मागे मागे जायला शिकावे. कंसात गेलेले नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले, तो फेरफार खरेदीचा, वारसाचा, वाटपाचा की नुसत्या जबाबाचा? नोंद मंजूर करताना मंडल अधिकाऱ्याने कोणता शेरा लिहिला? ‘वर्दीवरून नोंद’ एवढेच असेल तर त्यामागचा नोंदणीकृत दस्त शोधायचा. तो सापडला नाही तर अहवालात तसे लिहायचे.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तीन अक्षरांत अख्खे कुटुंब दडलेले असते. त्या माणसाने एकट्याने सही करून दिलेल्या खरेदीखतात भाऊ, त्यांची मुले आणि मुली यांचे हिस्से कुठे गेले, हे पाहावेच लागते. विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालानंतर तर मुलीचा जन्मतः हक्क मान्य करताना ९ सप्टेंबर २००५ रोजी (हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी) वडील हयात होते का, हा प्रश्न उरलेला नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली हस्तांतरणे आणि नोंदणीकृत किंवा हुकूमनाम्याने झालेली वाटपे मात्र कायद्याने शाबूत ठेवली आहेत. म्हणून तारखा पाहायच्या. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) दिसले तर खातेदार त्या वेळी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता. अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे जन्मतारखेचा पुरावा मागावा लागतो. ही दोन लघुरूपे ओळखता येत नाहीत असा पदवीधर आमच्याकडे आला की त्याला काम देण्याआधी महिनाभर उतारेच वाचायला द्यावे लागतात.

‘इतर हक्क’ हा रकाना तर सर्वांत दुर्लक्षित. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, ‘तुकडा’ असा शेरा, कुळाचे नाव, ‘कु.का.क. ४३ (कुळ कायदा कलम ४३) चे बंधनास पात्र’ हे सगळे तिथे असते. कलम ४३ च्या शेऱ्याचे उदाहरण घ्या. जमीन कुळाला त्याच कायद्याच्या ३२-ग च्या कार्यवाहीत विकत मिळालेली असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर १० वर्षे उलटली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही, पण आकाराच्या (जमीन महसुलाच्या) ४० पट नजराणा भरावा लागतो आणि घेणारा शेतकरी असावा लागतो. ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र फाईलला नसेल तर १० वर्षे मोजणार कुठून? घेणारा शेतकरी नसेल तर कलम ६३ आड येते. आदिवासी खातेदार असेल तर महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) असेल तर मूळ आदेश काढून त्यातल्या अटी वाचायच्या. ‘वर्ग २ आहे, परवानगी लागेल’ एवढे लिहून अहवाल पुरा होत नाही.

जमिनींच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झालेल्या गावांत जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर यांची जुळणी हा स्वतंत्र तास व्हावा. ९(३)(४) चे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून काढल्याशिवाय १९६० च्या खरेदीखतातला सर्वे नंबर आजच्या कोणत्या गटात गेला ते सांगता येत नाही. जुळणी अंदाजाने केली की शोध शेजारच्याच्या जमिनीचा होतो.

निबंधक कार्यालयातला शोध साधारण ३० वर्षांचा घेण्याची रीत आहे. ही रीत आहे, कायद्याने दिलेले संरक्षण नाही, हे विद्यार्थ्याला सांगावे. शहरात अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालये एकाच क्षेत्रासाठी काम करतात आणि दस्त त्यांपैकी कुठल्याही टेबलावर झालेला असू शकतो. एका कार्यालयाच्या पावतीवर अहवाल दिला तर तो अर्धाच शोध. सूची क्रमांक दोनची (नोंदवलेल्या दस्तांच्या मिळकतवार सूचीची) जुनी बाडे फाटलेली, काही वर्षांची बांधणीला गेलेली असतात. ‘सन अमुक ते तमुक पाने फाटलेली, पाहता आली नाहीत’ हे वाक्य अहवालात आले पाहिजे. ते लिहायला नवशिका कचरतो, कारण त्याला वाटते आपले काम अपुरे दिसेल. उलट ते वाक्य नसलेला अहवाल पुढे त्याच्याच अंगावर येतो. हक्काचे मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून घेतलेले कर्ज जुन्या काळात सूचीत उमटतच नसे. आता नोंदणी अधिनियमाच्या कलम ८९-ब ची नोटीस ३० दिवसांत दाखल करायची असते, तरी सरसाई (तारणांच्या केंद्रीय) नोंदवहीतला शोध वेगळा घ्यावाच. वर्तमानपत्रातली १४ दिवसांची जाहीर नोटीस उपयोगी असते, पण ज्याने ती वाचली नाही त्याचा हक्क तिने बुडत नाही.

फ्लॅटच्या फाईलला साखळी महत्त्वाची. बिल्डरचा पहिला करार, मग प्रत्येक पुनर्विक्री, प्रत्येक ठिकाणी मुद्रांक आणि नोंदणी. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणारा किंवा देण्याचे कबूल करणारा करार मुद्रांकासाठी अभिहस्तांतरणच (मालकी देणारा दस्तच) धरला जातो. त्यानंतरचा एखादा मधला करार ५ रुपयांच्या कागदावर असेल तर कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढत आलेला असतो, आणि न्यायालयात तो दस्त पुराव्यात घेण्याआधी जप्त होतो. २४ सप्टेंबर २००१ नंतरचा नोंदणी न झालेला करार असेल, तर ताब्याच्या बळावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ चे संरक्षणही मागता येत नाही. सुरज लॅम्प प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही. तरीही अशा कागदांची साखळी आजही फाईलला येते.

मयत सभासदाच्या फ्लॅटमध्ये शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचे नाव चढले की ज्युनिअर त्यालाच मालक समजतो. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५४ ब-१३ नुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. विकायचा हक्क वारसांचा. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र, इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र यांपैकी काय आहे ते आधी विचारायचे.

आता भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स. हा धडा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत वाईट शिकवला जाणारा. वर्गात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०५ आणि सुखाधिकार अधिनियमाचे कलम ५२ यांतला फरक सांगतात, १९५९ चा असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर हा निकाल सांगतात, आणि थांबतात. विद्यार्थी बाहेर येऊन ११ महिन्यांचा करार नोटरीकडे करतो. ११ महिन्यांची सवय नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ मधून आली आहे, कारण तिथे एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने आपल्याकडे ती पळवाट बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड.

मुद्रांकाचा हिशोब विद्यार्थ्याने स्वतः मांडावा. लायसन्स फी दरमहा ३०,०००, मुदत २४ महिने, परतीची अनामत २,००,०००. फीची बेरीज ७,२०,०००. अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज, दोन वर्षांचे ४०,०००. एकूण ७,६०,००० वर ०.२५ टक्के, म्हणजे १,९०० रुपये. मुदत ६० महिन्यांच्या वर गेली की मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ३६-अ सुटतो आणि ३६ लागतो, जिथे शुल्क मिळकतीच्या बाजारमूल्याच्या हिश्श्यावर असते: ५ ते १० वर्षांना २५ टक्के मूल्यावर, २९ वर्षांवर ९० टक्के मूल्यावर. नूतनीकरणाचा काळ करारात नमूद केला असेल तर तोही मुदतीत मोजला जातो. ३६ महिने अधिक ‘आणखी ३६ महिने वाढवता येतील’ असे एक वाक्य घातले की १,९०० च्या पातळीवरचे शुल्क लाखांत जाऊ शकते. हे वाक्य नमुन्यातून जसेच्या तसे उतरवलेले आम्ही वारंवार पाहतो.

मसुद्यातही सावधगिरी हवी. शीर्षक ‘लायसन्स’ आणि आत ‘भाडेकरू’, ‘भाडे’, ‘मालकाने आवारात येऊ नये’ असे असेल तर वाद ओढवून घेतला. मुदत संपल्यावर लायसन्सी हटला नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट फी मागता येते, म्हणून मुदत संपण्याची तारीख आकड्यात आणि अक्षरात हवी. तिच्यानंतर घेतलेल्या रकमेची पावती ‘भाडे’ म्हणून फाडायची नाही. जागा घेणारी बँक असेल किंवा १ कोटी वा अधिक भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर कलम ३(१)(ब) मुळे भाडे नियंत्रण अधिनियमच लागू नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस चालते, मंच बदलतो, सगळी मांडणी बदलते. पक्षकार कोण हे पाहण्याआधी नमुना उघडूच नये.

खरेदीखताच्या मसुद्यात आम्ही एकाच कलमावर जास्तीत जास्त वेळ द्यावा असे म्हणू: पैसे आणि ताबा. मोबदला ‘मिळाला’ असे लिहून दस्त नोंदवला, पण शेवटचा चेक वटला नाही, तर विक्रेत्याची मालकी परत येत नाही. दहिबेन विरुद्ध अरविंदभाई भानुसाली या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पूर्ण किंमत न मिळणे हे नोंदणीकृत खरेदीखत रद्द करण्याचे कारण ठरत नाही. विक्रेत्याला उरते ती वसुली आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(४)(ब) चा मिळकतीवरचा बोजा. म्हणून विक्रेत्याचा वकील अंतिम रकमेचा डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेत जमा झाल्याची खात्री हातात घेतल्यावरच सही होऊ देतो. खरेदीदाराचे कर्ज असेल तर बँक नोंदणीनंतरच पैसे सोडते. अशा वेळी आधी साठेखत पूर्ण मुद्रांकावर नोंदवायचे, त्यात ताबा शेवटच्या रकमेशी बांधायचा, आणि पुढच्या दस्तात त्या शुल्काची वजावट घ्यायची. ‘आज ताबा दिला’ आणि ‘उर्वरित रक्कम ४५ दिवसांत’ ही दोन वाक्ये एका दस्तात आली तर विद्यार्थ्याने ती लाल शाईने अधोरेखित करायला हवीत.

खर्चाचा तक्ताही त्यानेच करावा. मुंबईतला फ्लॅट, किंमत ८० लाख, वार्षिक दर तक्त्याने बाजारमूल्य ८६ लाख. शुल्क जास्त असलेल्या रकमेवर: मेट्रो अधिभारासह ६ टक्के, ५,१६,००० रुपये. निवासी फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. आयकराची १ टक्का टीडीएस, तीही जास्त रकमेवर, ८६,०००. विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही आणि कपात बरीच मोठी असते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटच्या विक्रीत हीच चूक सर्वांत महाग पडते, आणि ती खरेदीदाराच्या माथी बसते. त्यांचे कुलमुखत्यारपत्र वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर झालेले असावे आणि राज्यात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक लागलेला असावा. कुरिअरचे पाकीट तारखेसकट जपून ठेवायला शिकवा.

परिशिष्ट, म्हणजे मिळकतीचे वर्णन, सर्वांत शेवटी लिहिले जाते आणि घाईत. क्षेत्र सातबाऱ्यावर एक, मिळकत पत्रिकेवर दुसरे, करारात तिसरे, कार्पेट की बिल्टअप याचा पत्ता नाही. मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीशी चतुःसीमा ताडून पाहणे हे एक पूर्ण प्रात्यक्षिक होऊ शकते.

नोंदणीच्या दिवसाबद्दल थोडेच. सहीपासून ४ महिने, त्यानंतर आणखी ४ महिने दंड भरून. चार भावांपैकी एक कबुलीजबाबाला आला नाही तर त्याच्यापुरती नोंदणी नाकारली जाते आणि दस्त तीन भावांपुरता उरतो, म्हणून सह्या घेतानाच सगळ्यांची तारीख पक्की करावी. नोंदणीनंतर फेरफाराची १५ दिवसांची नोटीस, हरकत आली का, नोंद प्रमाणित झाली का, हे पाहून मगच फाईल बंद करायची.

गोव्यातल्या महाविद्यालयांनी हीच फाईल तिथल्या कागदांवर बांधावी. तिथे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा असतो. पती-पत्नीच्या समाईक मिळकतीच्या नियमामुळे स्थावर विकताना दोघांच्या सह्या लागतात, आणि वारसाहक्काचा प्रश्न २०१२ च्या अधिनियमाखालच्या इन्व्हेंटरी (वारस व मिळकतींची यादी करून वाटप ठरवण्याच्या) कार्यवाहीतून सुटतो. मुंबईचा नमुना पणजीत वापरला की पहिल्याच पानावर एक सही कमी पडते.

कागद कुठून आणायचे, असा प्रश्न मंडळे विचारतील. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, फेरफार आणि सूची दोन ऑनलाइन पाहता येतात. स्थानिक वकिलांनी नावे झाकून जुन्या फायली द्याव्यात. आम्ही द्यायला तयार आहोत. नियमांनाही सरावातल्या वकिलांची मदत अपेक्षित आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी मिळकत द्यावी म्हणजे उतरवायला काही उरत नाही. गुण हस्ताक्षराला आणि जर्नलच्या कव्हरला न देता शोधात सापडलेल्या त्रुटीला द्यावेत.

ज्येष्ठांनाही विनंती आहे. ज्युनिअरला निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभे करताना त्याला फाईलही वाचायला द्या. शोध अहवालाचा पहिला मसुदा त्याचा असू द्या आणि तुम्ही खोडलेली प्रत त्याला परत करा. मुंबईच्या सॉलिसिटर कचेऱ्यांत आर्टिकल्ड क्लार्कना तीन वर्षे असेच घडवले जाते. नांदेड किंवा रत्नागिरीच्या ज्युनिअरला तेच मिळण्यात अडचण कसली?

तोंडी परीक्षेच्या १० गुणांसाठी आम्ही एक पद्धत सुचवतो. विद्यार्थ्यासमोर न पाहिलेला सातबारा, त्यावरचे तीन फेरफार आणि एक जुने खरेदीखत ठेवा. २० मिनिटे द्या. मग एवढेच विचारा: या मिळकतीत विकायला सही कोणाकोणाची लागेल, आणि का?

आपले नम्र,
मालमत्ता व्यवहारांचे काम करणारे काही वकील